दुसरे पटले आले तेव्हा

प्रोग्राम लिहिणाऱ्याले अक्कल कोण शिकवते, सांगू? हापिसातला बाबू! बालाघाटच्या एका कॉलेजासाठी मी लिनक्सवर ‘सी’ भाषेत प्रोग्राम लिहिलता. त्याले ‘डॅश डॅश प्रिंट’ म्हटलं की परीक्षेची प्रवेशपत्रं छापून निघत. तिथल्या वानखेडे बाबूले मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘पूर्ण शब्द कशाले? डॅश डॅश पी टाका, तो समजून घेते.’

वर्षभर मस्त चाललं. मग मी त्यात छापायच्या आधी पाहाले ‘डॅश डॅश प्रिव्ह्यू’ घातलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबूचा फोन. ‘पोरं दारात उभी हायेत, अन् हा मले इचारते, कोणता पी?’

म्हटलं, ‘बाबूजी, आता पीवाले दोन झाले. तुम्ही पूर्ण प्रिंट लिहा.’

‘मी काहून लिहू? आमच्या हापिसात पटले आडनावाचे दुसरे बाबू आले, तवा जुन्या पटलेले कोणी इचारलं काय, तू कोणता म्हणून? नवे आले, तेच छोटे पटले झाले!’

मी जाऊन प्रिव्ह्यूचं नाव बदललं. छोटे पटले आता रिटायर झाले. ‘डॅश डॅश छोटा’ अजून नोकरीत आहे.