तातानचा रिकामा डबा

कोलकात्यात शाळा सुटेपर्यंत आम्ही आया फाटकासमोर वर्तमानपत्रं अंथरून बसतो. शेजारी तातानची आई झिनुकच्या आईला फैलावर घेत होती.

“आज डब्यात काय दिलंस?”

“नूडल्स, दीदी.”

“पुन्हा पाकिटातलं? आई आहेस की वैरीण? मी पहाटे उठून मैद्याच्या पुऱ्या, लुच्या तळते, दमआलू करते. आमचा तातान डबा चाटूनपुसून आणतो.”

“लुच्या मस्तच असतात, दीदी. कालच्या दमआलूत मीठ जरा कमी होतं.”

“तुला गं कसं ठाऊक?”

“झिनुक म्हणाली. दोघं रोज डबे बदलतात ना!”

“म्हणजे माझा तातान नूडल्स खातो?”

“आवडीनं! त्याच्यासाठीच तर मी वर अंडं घालते.”

तातानची आई पदरानं वारा घेऊ लागली.

“उद्या तिखट जरा बेतानं घाल. त्याला लगेच ठसका लागतो.”