काठोकाठ आवाज

नाही, पण मग तुम्हीच सांगा मास्तर, विश्वास ठेवायचा तरी कुणावर — या मीटरच्या काट्यावर की माणसाच्या कानावर? — जरा इकडे तोंड करून बोला, रस्त्याचा आवाज फार येतो — हां, कानावर! शाळेत गाणं शिकवणारा माणूस दुसरं काय म्हणणार? बसा. गिटार घ्या मांडीवर, घाबरू नका, ती तुमच्या गळ्यात मारत नाही मी. आता हा डबा बघा. प्रीअँप म्हणतात याला. गिटारमधून आवाज निघतो मुंगीएवढा, त्याला हा माणसाएवढा करतो, बाकी काही नाही. तुम्हाला तो जुना आवाज हवाय ना, तबकड्यांवरचा — ऊबदार, कडेला जरासा खरखरीत? त्याचं गुपित लोक पेटीत घालून विकतात, मी फुकट सांगतो. त्या काळी स्टुडिओत गिटारची वायर थेट असल्या डब्यात खुपसायचे आणि हे आतलं बटण, गेन म्हणतात ते, बेताबाहेर फिरवायचे. बाहेर जाणारा आवाज मात्र या दुसऱ्या बटणानं खाली. म्हणजे पिंप काठोकाठ भरायचं आणि तोटी बारीक ठेवायची. हलकं छेडलंत तर स्वच्छ; जोरात छेडलंत की आवाज काठ सोडतो, फुटतो — पण गोड फुटतो! ती जागा केसभर. तिच्या अलीकडे पाणचट, पलीकडे चिरका. ती शोधायची आणि तिथं स्क्रू पक्का करायचा, एवढाच माझा धंदा.

शिकलो कुठं? कुठंच नाही हो. टॉर्च आणि सेल विकायचो मी. एक रेडिओ केंद्र बंद पडलं, त्याचं भंगार घेतलं वजनावर, तांब्याच्या आशेनं. पहिला डबा फोडायच्या आधी सहज गिटार लावून बघितली आणि हातोडा खाली ठेवला, तो आजतागायत. मग लोक यायला लागले. कसले कसले नग! एकाला म्हटलं, नव्या तारांचा झणझणाट जरा मुरू द्या, तर गडी घरी गेला आणि तारा मिठाच्या पाण्यात शिजवून आला — कुकरमध्ये! तीन शिट्ट्या! बायकोनं कुकरसकट बाहेर काढला त्याला. पण आवाज जमवून दिला मी त्याचा. माणसं कानसेन म्हणतात मला. 'कानसेनांचा डबा आहे' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

ती फळी? ती अशीच, आडोशाला. मागे सामान असतं. — खुर्ची दिसली होय? आणि उशी? नजर बरी आहे तुमची. ही बसायची तिथं, आमची मंडळी. विणकाम करत. फळीखालून लोकरीचा एक धागा यायचा आणि या टेबलाखाली माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेला असायचा — हसू नका, मास्तर. गिऱ्हाईक वाजवायचं, मी डोळे मिटून बटण फिरवायचो, आणि केसभर जागा आली की ती धागा ओढायची. एकदा शिंकली. गिऱ्हाईक दचकलं. मी म्हटलं, आतला व्हॉल्व्ह, ती काचेची नळी, तापलाय, शिंकतो कधीकधी! तो बिचारा घरी जाऊन सांगत सुटला की जुना व्हॉल्व्ह शिंकतो तेव्हाच खरा आवाज लागतो.

आता अर्धं कळलंच आहे तुम्हाला, तर उरलेलं घ्या. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग माणसांच्या बोलण्यातले स आणि श गेले. डॉक्टरांनी कागद दाखवला, त्यावरची रेघ अशी घरंगळत खाली. आवाज फुटतो तो नेमका वरच्या अंगाला फुटतो, आणि तेवढंच मला येत नाही ऐकू. बावीस वर्षं झाली. सांगावं तर दुसऱ्या दिवशी कुत्रं फिरकणार नाही इथं. दुकान देऊन टाकावं, तर देणार काय — कानसेनाचा कान? आणि हे सोडून दुसरं मला येतं काय? टॉर्च तरी आता कोण घेतो?

ती? बहिणीकडे आहे. महिना झाला. म्हणाली, "अहो, लोकांना सांगा, मी समोर बसते, तुमच्या शेजारी, खुर्ची टाकून." म्हटलं, एवढी बारा डब्यांची ऑर्डर जाऊ दे, मग बघू. तर म्हणते, "बावीस वर्षं मी भिंतीकडं तोंड करून बसलेय. खिडकी नाही, दिवा लावला तर फटीतून दिसतो म्हणून तोही नाही. अंधारात टाके सुटतात माझे." आता टाके सुटले तर — नवी लोकर आणून दिली असती की मी! ... नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. लोकरीचा प्रश्न नव्हता.

मग ते बारा डबे मीच जुळवले, काट्यावर. आणि काटा दाखवतो सरासरी, तीही मागाहून. आवाज फुटून मोकळा होतो तेव्हा कुठं हा हलतो. बाराच्या बारा परत आले. स्टुडिओवाल्यानं फोन केला, "काका, ही गिटार आहे की पत्र्यावर ओढलेला खिळा?" आता तो स्वतः येतोय, समोर बसून एकेक डबा वाजवून घेणार आहे. आज नाही जमलं तर गावभर होईल. मास्तर, मघाशी तुम्ही दारातून म्हणालात ना, "वरची तार केसभर उतरलीय" — तेव्हाच ठरवलं मी. तुम्हाला हवा तो डबा न्या, पण आजचा दिवस —

समोर बसून सांगता? अहो, समोर कसं चालेल? तो विचारणार, हे कोण. मग? ... गाडी थांबली का? तुम्हाला ऐकू आली ना? तोच. उठा, उठा, वाकून जा, फळीतलं दार बुटकं आहे. हा धागा धरा. खुर्चीखाली वही आहे तिची. धागा ओढलात की डब्याचा नंबर लिहा आणि आवाज कसा फुटला तेही लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका, मास्तर, कान सांगेल तेवढंच, हिशेब चोख ठेवा. आणि दिवा नको — कडी मी बाहेरून लावतो.

या साहेब, या! छे, कुणाशी बोलणार? एकटाच आहे मी.