मेसियाच्या हातातलं लाकूड

नाही, नाही, कप्तान घरी नाहीत — बसा ना तांडेलदादा, तुमचे पाव अजून भट्टीत आहेत, आणि ते काखेत धरलंय ना, ते कांडं, ते जरा दारामागे ठेवा. उंबऱ्यात नको, वाटेवरून दिसतं. कुठे सापडलं म्हणालात? पश्चिमेला, भर समुद्रात? बोरूसारखं दिसतंय खरं, पण मांडीएवढा जाड बोरू आमच्या पोर्तुगालात उगवत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी उगवतो. आणि तुम्ही ते कप्तानांना भेट म्हणून आणलंत. छान. फार छान केलंत.

रागावू नका, मी अशीच बोलते. मठातल्या बायांनी वाढवलं मला — लॅटिन शिकवलं, भरतकाम शिकवलं, शेळीची धार कशी काढतात ते मात्र कुणी सांगितलं नाही. आणि लग्न झालं ते या बेटाशी. हो, बेटाशीच. ह्यांनी ते तरुणपणी शोधलं, आफ्रिकेहून परतताना वादळानं इकडे फेकले गेले तेव्हा. मग आधी शेळ्या आणून सोडल्या. पुढच्या उन्हाळ्यात येऊन पाहिलं तर शेळ्या जगल्या होत्या, म्हणून माणसं आणली. पुढे मला आणलं. मी एकदा विचारलं, शेळ्या मेल्या असत्या तर? म्हणाले, मेंढ्या सोडून बघितल्या असत्या. हसताय काय? ते गंभीरपणे म्हणाले होते.

आता काय, गहू पिकतो, चर्च झालं, कुणी भांडलं तर निवाडा करायला हेच. दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. पण पाऊस उघडला की संध्याकाळी पश्चिमेला डोंगर दिसतात — ढगच असतात हो, काळोख पडला की विरतात — आणि हे टेकडीवर जाऊन उभे. आत्ताही तिथेच आहेत. दोनदा जाऊन आले त्या डोंगरांच्या मागे. पहिल्यांदा नुसती शिडं फाटली. दुसऱ्यांदा आमच्या शेजारच्या गियोमारचा नवरा समुद्रात राहिला. आता जहाज डागडुजी करून खाडीत उभं आहे, राजाचा परवाना आलाय, अडलंय ते फक्त माणसांवाचून. बेटावरचे सगळे एका तोंडानं म्हणाले, कप्तान, पलीकडे जमीन असल्याची एक खूण दाखवा, एकच, मग येतो. तुम्ही आज ती काखेत घालून आणलीत.

भट्टीत घालू का? विचारते आहे नुसतं. तुम्हाला दोन पाव जास्त देईन, चीजचा अख्खा गोळा देईन... बक्षिसाच्या आशेनं आला असाल, कळतं मला. पण हे आता साठीचे आहेत, दादा. या खेपेला परत येणार नाहीत. आणि मग हे बेट कुणी सांभाळायचं — मी? माझ्याकडे बघून शेळीसुद्धा हलत नाही.

गियोमार सगळ्यांसमोर हसते मला. परवा पाणवठ्यावर म्हणाली, ‘‘बाई, बेटभर झाडं आहेत आणि कप्तानांची बायको समुद्राची ओली लाकडं गोळा करते! मठात चूल नव्हती वाटतं?’’ हसू दे. पश्चिमेचं वारं सुटलं की पहाटे किनाऱ्यावर मी सगळ्यांच्या आधी असते. काय काय येतं तुम्हाला सांगू — अनोळखी झाडांचे ओंडके, शेंगा, आणि एकदा तर... सगळं भट्टीत गेलं. यांच्या पोटात त्याच भट्टीचे पाव.

सगळं नाही. बघू नका तिकडे — बरं, बघा आता. ही मेसिया, माझी लेक. दात येतायत, हाताला लागेल ते चावते. ते तिच्या हातातलं ना? माणसाचं तोंड कोरलंय त्याच्यावर. नाक होतं चांगलं धारदार, हिनं चावून चावून बोथट केलं. तेही मी जाळणारच होते, पण त्याचे डोळे हिच्यासारखे वाटले. वेडेपणाच तो. वाटलं, आठवडाभरात पकडली जाईन. पण कुठलं काय! उन्हाळा सरला, रोज ते लाकूड घेऊन ती यांच्यासमोर खेळते, आणि यांची नजर तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर. अख्ख्या घरात लपवायला याहून चांगली जागा नाही बघा, ह्यांच्या लेकीचा हात. कधी कधी मला वाटतं, बघावं ना एकदा... एकदाच तिच्याकडे...

अहो! आज लवकर आलात? ढग नव्हते वाटतं. हे तांडेल, पाव न्यायला आलेत — पाणी देऊ तुम्हाला? मेसिया, कोण आलं बघ! तुमच्याकडे हात करतेय, घेता? घ्या ना. नाही रडायची, घ्या. बघा कशी हसतेय. अहो... असं काय बघताय तिच्याकडे?

अहो, ते लाकूड तिचं आहे. दात येतायत तिला. काढून नका घेऊ.

तांडेलदादा, पाव झालेत. उचला आणि निघा. ते कांडंही न्या — यांना खूण मिळाली, आता लागायचं नाही ते.