विमान उतरेस्तोवर

(जबलपूर, दीक्षितपुरा. १९४९ची संक्रांत नुकतीच झालेली, सकाळची वेळ. दोघी जावांचं एकच आंगण. धाकटी शरयू खराटा घेऊन उभी. थोरलीचे यजमान बापूसाहेब ओसरीवर; रीतीप्रमाणे धाकट्या भावजयीशी थेट न बोलणारे.)

विनता : ठेव तो खराटा, शरयू. शैलेंद्र पोचला नाही अजून. घरचं माणूस वाटेवर असताना कोणी आंगण झाडतं का?

शरयू : पोचला असंल न, वहिनी. काल सकाळी विमान मुंबईहून उडालं, आज नऊले लंडनला उतरते, हे तुम्हीच साऱ्या मोहल्ल्याले सांगून राहिल्या होत्या. नऊ तर कवाचे वाजले.

बापूसाहेब : विनता, तिला सांग, ते नऊ तिकडचे. तेव्हा आपल्याकडे अडीच वाजतील.

शरयू : त्यांना सांगा, घड्याळबी तुमच्याच पोराच्या बाजूचं आहे.

बापूसाहेब : पाच हजार मैल आहे म्हणावं. कैरो, जिनिव्हा करत जायचं.

शरयू : पाच हजार मैल, आन् एक दिवस. माझा पुंडलिक छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदियाले जाते तर अख्खी रात जाते. डोळ्यात कोळसा जाते तो वेगळा.

विनता : तुला जळायला काय झालं ग? पुतण्याच आहे ना तो तुझा?

शरयू : जळते, वहिनी. खोटं काहून बोलू? शैलेंद्रले गणित पुंडलिकनं शिकवलं. आज तो आभाळात, आन् हा बिडीच्या कारखान्यात. ह्याचे बाबा असते तर... चलो, जाऊ द्या.

विनता : म्हणून राग आंगणावर काढतेस? अधांतरी आहे ग माझं पोर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

शरयू : माझाबी नाही लागला. पण दिवाळीत पुंडलिक निघाला, टांगा वळला नव्हता तर तुम्ही झाडून, सडा टाकून मोकळ्या. मी म्हटलं, थांबा जरा, वहिनी. तर काय म्हणाल्या?

विनता : मला नाही आठवत.

शरयू : म्हणाल्या, गोंदिया म्हणजे काय प्रवास आहे?

बापूसाहेब : म्हणाली होतीस, विनता. मी इथंच बसलो होतो.

शरयू : घ्या, ठेवला खराटा. अडीच काय, पोचल्याची तार येईस्तोवर हात लावत नाही. शैलेंद्र माझ्याबी मांडीवर खेळला आहे. पण संक्रांतीले आलेला पुंडलिक आज रातच्या गाडीनं परत जाऊन राहिला. उद्या पायरीवर बसून पाहीन मी, तुमच्या हातात खराटा कवा येते ते.

विनता : अहो, गोंदियाहून तार यायला किती वेळ लागतो?

बापूसाहेब : गोंदियाहून? तिथून पोचल्याची तार कोण करतं?

विनता : पुंडलिक करेल. शरयू, त्याला उठव आणि सांग, काकूनं सांगितलंय म्हणून. तोवर आंगण असंच राहील.