काकडांच्या दोन ओळी

नाही, आभाताई, तुम्हीच सांगा – विश्वास ठेवायचा कोणावर? बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडावर, की छापील कागदावर? तुम्ही शिकलेल्या, करंजाड्यात राहता, तुम्ही कागदावरच ठेवणार – त्यात तुमचं काय चुकलं, मीसुद्धा तेच केलं असतं. बसा ना आधी. गोणीवर नको, खुर्ची घ्या. सासूबाई कशा आहेत आता? … अजून बोलता येत नाही? जिभेची सूज तशीच? अरेरे! पण ऑक्सिजन काढला म्हणता ना, मग उतरेल, नक्की उतरेल. आणि हो, हो – वाचला मी तुमचा कागद. दोनदा वाचला. सही करतो ना, पळून जातोय का मी? पनवेलच्या बाजारात बत्तीस वर्षं याच गाळ्यात बसलोय, काळूराम कुठे जाणार? पण या दुकानात सही नंतर मिळते, चहा आधी. … नको? बरं, राहिलं.

कागद पक्का लिहिलाय. 'शनिवारचं वाण या आमच्या साप्ताहिक पानात आलेली शेवळांच्या भाजीची कृती, बाजारातील भाजीविक्रेती रंभा हिने सांगितली तशीच, बदल न करता छापली आहे.' एवढंच, आणि खाली मी. आणि हा कागद जोडणार तुमच्या तक्रारीला, आणि तक्रारीत नाव एकच – रंभाचं. … मिस्टरांनी लिहिलं? वकिलाला विचारून? वाटलंच. 'बदल न करता' – हे तुमच्याआमच्यासारख्याला सुचत नाही, त्याला वकीलच लागतो. नाही, मी कुठे काय म्हणतोय, शब्द चांगलाच आहे. चांगलाच शब्द आहे तो.

तुम्ही वाणाला कधीपासून आहात? दोन वर्षं? मग तुम्हाला सुरुवात माहीत नसेल. अहो, मी सातवी नापास. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, मी तेराव्या वर्षी इथे – याच रस्त्यावर, दुसऱ्याच्या दुकानात – रद्दी फाडून पुड्या बांधायला. खरं वाचायला शिकलो तो त्या रद्दीवर. गोष्ट रंगात यायची आणि कागद फाटलेला, पुढचं पान कोणाच्यातरी घरी जिऱ्याबरोबर गेलेलं. म्हणून ठरवलं, आपलं दुकान झालं की सामानाबरोबर एक अख्खं पान द्यायचं. अख्खं! मोसमातली एक भाजी, कशी करायची ते. मासिकांत वाचण्यासारखं काय आलंय ते. आणि एक पुस्तक. पहिलं पान निघालं तेव्हा लोक हसले – शेठ, हळदीबरोबर पुस्तक कसलं खपवता? आता खारघरपासून उरणपर्यंत अठराशे घरांत फोनवर जातं. परवा एक बाई विचारतात, काका, शेवळांऐवजी मशरूम घातलं तर चालेल का? म्हटलं, चालेल की, फक्त मग तिला मशरूमची भाजी म्हणा! … हसा थोडं, ताई. … नाही, बरोबर आहे. हसण्याचा दिवस नाही.

पुढच्या शुक्रवारी खारघरच्या एका कॉलेजात बोलावलंय मला. वाचनावर बोलायला. सातवी नापास माणसाला – सांगतो एवढ्यासाठी की हे पान म्हणजे माझ्यासाठी नुसतं पान नाही. यातली एक ओळ खोटी निघाली ना, तर – घ्या, तुमचा फोन वाजतोय. घ्या, घ्या, हॉस्पिटलचा असेल. …… काय म्हणाले? … पाण्याचा घोट गेला? गेला ना आत? चला. चला, बाई. माझ्याच घशातून उतरल्यासारखं झालं. नाही, खरंच सांगतो, रविवारी रात्रीपासून माझ्या घशाखाली घास नाही. सुनेने वाढलं तसं ताट झाकून ठेवलंय.

तर रंभा. तिला मी किती वर्षं ओळखतो? तिची आई बसायची त्या समोरच्या खांबापाशी, आता ही बसते. डोंगरातल्या वाडीतून पहाटेच्या गाडीला येते. टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळं, सगळ्या रानभाज्या – तिने आणलेली जुडी मी कधी उलटून पाहिली नाही. पण शेवटी अडाणी बाई, ताई. सांगताना एखादी गोष्ट राहून जाते. हाताने शंभरदा केलेलं तोंडाने सांगताना सुटतं – माझी आई भाजीत मीठ घालायचं कधी सांगायची नाही, म्हणायची, ते काय सांगायचं असतं? तशी हिचीही काकडं, ती आंबट रानफळं, राहिली असतील. शेवळं खाजरी, ती काकडांच्या आंबटाशिवाय घसा धरतात, हे आमच्या इथे शेंबड्या पोरालाही माहीत, पण विदर्भातून आलेल्या तुमच्या सासूबाईंना कुठून कळणार? राहिली असतील सांगायची. म्हणजे मुद्दाम नाही – पण राहिली.

वही? कुठली वही? … हो, मी ऐकतो आणि वहीत उतरवून घेतो, हे मीच दिवाळीच्या पानात लिहिलं होतं, आठवण चांगली आहे तुमची. वही घरी असेल. … ही? ही उधारीची – नाही, हिच्यावर कोपर ठेवून बसायची सवय आहे मला. आणि सून टाईप करते, विनिता, तिच्या हातून एखादी ओळ निसटली असेल. घाई असते तिला, फोनवर एक बोट, गॅसवर दुसरं. आता तिला बोलावून विचारायचं म्हणजे – तीसुद्धा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही? … असंच. घरातलं.

आणि एक विचारू? रागावणार नसाल तर? शनिवारी तुम्ही शेवळं घेतलीत ती रंभाकडूनच ना? समोरून. मग तिने जुडीबरोबर पिशवीत काही घातलं होतं का? हिरवी, आवळ्याएवढी, वाटाभर? … घातलं होतं. आणि ते तुम्ही काढून परत दिलंत. का, तर कागदावर नाही. कागद दाखवलात तिला फोनवर – 'हे बघा, मावशी, तुमचीच रेसिपी, तुमचंच नाव, यात हे कुठे लिहिलंय? उगाच जास्तीचं गळ्यात मारू नका.' तिला वाचता येत नाही, ताई. स्वतःचं नाव छापलेलं होतं तेही तिला दिसलं नाही, तुमचं बोट दिसलं फक्त. तरी ती म्हणाली, घ्या वं ताई, पैसं नको देऊ, पन घे. आणि तुम्हाला वाटलं, फुकट देते म्हणजे नक्की काहीतरी लबाडी. … बसा. उठू नका. मी दोष देत नाही. सुरुवातीलाच म्हटलं ना, मीही कागदावरच विश्वास ठेवला असता.

मला कसं कळलं? … तिनेच सांगितलं. आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी. काल तुमच्या सोसायटीच्या दोघीजणी येऊन भरबाजारात ओरडून गेल्या – विष विकते म्हणून – आणि तिची पाटी लाथेने उलटवली. तुम्ही नव्हता त्यात, माहीत आहे. पण आज तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. शेजारच्या कोथिंबीरवाल्याने आपली गोणी चार हात लांब सरकवली – तोच माणूस, जो तिच्याकडून रोज फुकटची हिरवी मिरची घेतो! मग ती आली, इथे पायरीवर बसली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "शेट, मला वाचता नाय येत. पन मी काय बोलली ते मला म्हाईत हाय. तुमी लिवून घेत व्हता. मी काकडं बोलली व्हती का नाय, एवढंच सांगा. या लोकांना सांगा. तुमचं आयकतील."

एवढंच.

आणि मी काय म्हणालो? … मी म्हणालो, "रंभा, आठवत नाही गं."

आठवत नाही! बत्तीस वर्षांत कोणत्या घरात कोणता तांदूळ जातो ते पाठ असलेला माणूस मी. तिने पदराने पायरी पुसली – जिथे बसली होती तिथली, ओली झाली होती म्हणून – आणि रिकामी पाटी घेऊन गेली. त्या खांबापाशी नाही, स्टँडकडे गेली. उद्या येईल का, माहीत नाही. तुमचा हा कागद गेला तर येऊन बसूच देणार नाहीत तिला.

घ्या. वही हीच आहे. उधारीची नाही, तीच. तेरा तारखेचं पान काढा – माझंच अक्षर आहे, मुंग्यांसारखं. वाचा तुम्ही. नको, मीच वाचतो, तुम्हाला लागणार नाही. 'शेवळं सोलायची, तळाचा पिवळा खरबरीत भाग टाकायचा, हाताला तेल लावायचं. काकडं ठेचून रस भरपूर. काकडांशिवाय करू नये. रंभा म्हणते, काकडांशिवाय शेवळं म्हणजे घशात खाजकुयली कोंबणं.' आणि त्यावर ही आडवी रेघ. शेवटच्या दोन ओळींवर, 'काकडं ठेचून'पासून पुढे सगळं. रेघ विनिताची नाही, तिच्याकडे लाल पेन नाही. लाल पेन माझं.

का? तेच तर सांगता येत नाही मला, ताई, म्हणून तर चहा, मशरूम, कॉलेज – सगळं गावभर फिरून आलो. सांगतो. त्या आठवड्यात पुस्तक आलं होतं, मिठागरावर वाढलेल्या एका बाईच्या आठवणींचं. दर आठवड्याला पुस्तकावर चार ओळी विनिता लिहून देते, चांगलं लिहिते पोरगी. या वेळी म्हटलं, हे मी लिहिणार. मिठाच्या टोपलीने माझ्या आईच्या डोक्यावर मधोमध केस गेले होते, रुपयाएवढी जागा, ती पदर कधी खाली येऊ द्यायची नाही. ते लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, ताई, स्वतःचं, कोणाला न विचारता. आणि ते लांबलं. विनिता म्हणाली, बाबा, एका पानावर बसत नाही, काहीतरी काढा. मी माझं वाचलं, मग भाजीचं वाचलं. माझ्यातली एक ओळ निघवेना. काकडं खारघरला कुठे मिळतात, म्हटलं, ज्यांना ठाऊक आहे ते घालतीलच – आणि मारली रेघ. ती म्हणाली सुद्धा, बाबा, हे काढू नका. मी म्हटलं, तुला काय कळतंय? नागपूरची सून ती!

शनिवारी पंधरा फोन आले. शेठ, आईवर काय सुंदर लिहिलंत! पंधरा. भाजीबद्दल एकही नाही. मी इथे बसून सगळे घेतले, आणि समोर, त्या खांबापाशी, तुम्ही तिला काकडं परत देत होता.

… नका रडू. माझ्यासमोर नका, मला मग आवरत नाही. पेन द्या इकडे. नाही, इथे सही नाही करणार. हे 'बदल न करता' फाडतो – फाडलं. नवीन लिहा, मी सांगतो तसं नाही, घडलं तसं लिहा. तिने काकडं सांगितली होती. काळूरामने काढली. वहीचं पान जोडा, लाल रेघेसकट. फोटो नको, पानच न्या, वही फाटली तर फाटली. आणि आजच्या आज अठराशे घरांना मी पाठवतो, शनिवारची वाट न बघता – काकडांच्या दोन ओळी आणि त्या कोणी खाल्ल्या ते. कॉलेजवाल्यांना येईल तेही, येऊ दे. आणि एक ओळ तुमची, ताई. तिने पिशवीत घातलेली काकडं तुम्ही काढलीत, ती ओळ गाळू नका, वकील म्हणाले तरी. मिस्टर म्हणाले तरी.

आता निघा तुम्ही. मला शटर ओढून स्टँडवर जायचंय, शेवटच्या गाडीआधी गाठली पाहिजे तिला. जा, सासूबाईंपाशी बसा. तिचं तिच्या नावावर, माझं माझ्या, तुमचं तुमच्या – हिशेब तेवढा खरा ठेवा, ताई.