गेली आणि जाऊन राहिली

कादंबरीतली चेतना शेवटच्या पानावर मेली. चार वर्षांपूर्वी नंदलालनं बायकोला वाचून दाखवलेली ही कादंबरी शामकलानं आता मोबाइलवरच्या ऑडिओबुकमधून ऐकली होती. दोघं गोंदियातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसले होते. गुंजन नावाची एक अनोळखी मुलगी शेजारच्याच खुर्चीवर होती, म्हणून तिला ऐकावं लागलं.

"अजी, मोबाइलवाल्या बाईनं 'चेतना गेली' वाचलं. तुमी त 'जाऊन राहिली' वाचलं होतं!"

"पुस्तकात 'गेली'च होतं. तू रडशीन म्हनून बदलवलं."

"मले वाटलं, माहेरी जाऊन राहिली, म्हंजे वाटेतच आहे. चार वर्सं झाली, अजून पोचली काऊन नाही?"

"बाईचा आवाज कसा आहे?"

"गोड आहे. पन मी रडून राहिली, अन् बाई वाचूनच राहिली. तुमी थांबत होते."

"मंग बंद कर तिले. मी वाचतो."

"तुमाले आता दिसते कुठी?"

नंदलाल गुंजनकडे वळला.

"पोरी, त्या बाईच्या कंपनीले मोबाइलवरून लिहता येते का? लिह. 'सदर नायिकेच्या मृत्यूस माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन होईपर्यंत स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.'"