चौथी बट

सून : आणि आता बूट सापडत नाहीत. बाबा, बूट तुमच्या पायात आहेत.

सासरे : मग चष्म्याची डबी.

सून : खिशात. डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या तारखेला तुम्हाला सर्दी झाली. दुसऱ्या तारखेला तुमच्या नाणेमंडळाची तातडीची सभा निघाली, सभासद किती, तर तीन. आज तिसरी तारीख. साडेदहाला डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचंय, खाली गाडी उभी आहे आणि तुम्ही अजून कपाटाशीच.

सासरे : पाच मिनिटं. एकदा नाणं बघतो नि निघू.

सून : मोतीबिंदू काढायला चाललोय, सात समुद्र ओलांडायला नाही. दुपारी घरी याल.

सासरे : डोळ्याचं काम आहे, सूनबाई. काही झालं म्हणजे?

सून : केल्यानं काही होत नाही. न केल्यानं काय होतं ते मी काल पाहिलं. चिमणीचं खोकल्याचं औषध. अडीचची खूण सोडून तुम्ही पाचापर्यंत भरलंत. मी नेमकी त्याच वेळी आत आले म्हणून, नाहीतर तिनं तोंड उघडलंच होतं.

सासरे : ते आकडे फार बारीक छापतात हल्ली. असं प्रूफ मी परत पाठवलं असतं.

सून : छापणाऱ्यांवर ढकलू नका. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत, एक अनुस्वार निसटू दिला नाहीत, आणि नातीला औषध दुप्पट. मी ह्यांना सांगून टाकलंय. ऑपरेशन होईपर्यंत चिमणी तुमच्याजवळ एकटी राहणार नाही. शाळेतून आणायलाही मीच जाईन.

सासरे : तो काय म्हणाला?

सून : तुमचाच मुलगा. ‘बघू’ म्हणाला.

सासरे : शाळेतून आणणं तरी राहू दे. येताना ती दुकानांच्या पाट्या वाचते माझं बोट धरून.

सून : तीच वाचते. तुम्ही नुसतं ‘शाब्बास’ म्हणता. मला काय, कळत नाही?

(सासरे तोंड फिरवून कपाटातली नाण्याची डबी चाचपतात.)

सून : रागावू नका. पण रोज दुपारी तुम्ही दोघं रस्ता ओलांडून येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही.

सासरे : रागावलो नाही. तू एक काम कर. हे भिंग घे आणि नाणं तूच बघ. मग मी मुकाट येतो.

सून : काय बघू? घोडेस्वार आहे. कालही होता. सोन्याचं आहे, सोनाराकडे ह्याहून जाड मिळतात.

सासरे : सोन्याला कोण विचारतो! शेपटी बघ. ह्या नाण्याच्या घोड्याला शेपटीत तीन बटा. हजारो नाणी पाडली, सगळ्यांना तीन. एका ठशात कारागिराच्या हातून चौथी बट गेली. दीड दिवस तो ठसा चालला, मग तडकला. टांकसाळीतल्या साहेबांच्या लक्षात आल्यावर तयार नाणी परत वितळवली. त्यातून निसटलेली, जगाला ठाऊक असलेली, अकरा. बारावं हे.

सून : म्हणजे कुणाची तरी चूक, आणि तिच्यामागे शहाणी माणसं वेडी.

सासरे : मी जन्मभर लोकांच्या चुका पुसल्या. एक तरी चूक अशी असावी की नाही, जिला कुणी हात लावायचा नाही? संग्रह करणारा त्या बटेसाठी घर विकेल. तीन बटांवाल्याकडे ढुंकून बघणार नाही.

सून : मग एक विचारू? पूर्वी दर सभेला हे न्यायचात. मीटर बघायला आलेल्या माणसालाही भिंग देऊन दाखवलंत. दोन वर्षं झाली, ही डबी कपाटाबाहेर आली नाही. आणि दोन वर्षंच झाली डॉक्टरांनी ‘ऑपरेशन करून घ्या’ म्हणून.

सासरे : असेल.

सून : बाबा, कुठेतरी पाणी मुरतंय.

सासरे : आमचा पोस्टमास्तर. मंडळातला. त्यानं भिंगातून बघितलं आणि हळूच म्हणाला, चौथी बट ठशातली वाटत नाही. नंतर कुणीतरी सुईनं कोरलीय. मी त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

सून : आणि स्वतः बघितलं नाहीत.

सासरे : तोवर सगळं धुरकट दिसायला लागलं होतं.

सून : म्हणजे डोळ्यात मोतीबिंदू राहिला की शेपटीत चौथी बट राहते. असंच ना?

सासरे : तू वकील व्हायला हवी होतीस.

सून : तुमच्यापायी होईन. द्या इकडे. काय बघायचं, नीट सांगा.

सासरे : खिडकीशी जा. उजेड डावीकडून येऊ दे. ठशातली बट वर उठलेली असते, तिची सावली उजवीकडे पडते. कोरलेली आत गेलेली असते, तिची सावली डाव्या अंगाला. आधी पहिल्या तीन बघ.

(ती नाणं उजेडात तिरकं धरते. खालून गाडीवाला दोनदा भोंगा वाजवतो.)

सासरे : बोल.

सून : तिघींची सावली उजवीकडे.

सासरे : आणि चौथीची?

सून : डावीकडे, बाबा.

सासरे : हात हलला असेल.

सून : नाही हलला. दोनदा बघितलं. तुम्हाला आवडावं म्हणून तिसऱ्यांदाही बघितलं.

सासरे : ‘उजवीकडे’ म्हणाली असतीस तर मला काय कळणार होतं?

सून : काही नाही. पण स्वतः बघायची भीती तशीच राहिली असती, आणि चौथी तारीखही गेली असती.

सासरे : गेली असती, खरंय. पोस्टमास्तरला चहाला बोलवायला हवं.

सून : बोलवू. चला आता, मला धरा. आणि डॉक्टर विचारणार आहेत, आधी कुठला डोळा करायचा. दोन्ही सारखेच पिकलेत, म्हणाले, तुम्हीच ठरवा.

सासरे : उजवा.

सून : लगेच ठरलं?

सासरे : भिंग मी डाव्याला लावतो. त्याला आता काही घाई नाही.